दोरी मनगटाला, मी जबड्यात

हा जबडा एक दिवस माझ्या लेकीवर वळला तर?

या एका प्रश्नाने आमच्या घरातल्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. प्रश्न काही चुकीचा नव्हता. तो जबडा या घरात सगळ्यात जवळून कुणी पाहिला असेल, तर तो मी. त्यातला दात अन् दात मी ओळखतो. डावीकडचा वरचा सुळा टोकाला जरासा तुटलेला आहे. तोच सगळ्यात खोल जातो.

मी लोड्या बोलतोय. जाड कापडाचा, नारिंगी रंगाचा, आत फोम ठासून भरलेला आणि एका टोकाला दोरीची शेपूट असलेला. दिसायला लोडाचं पिल्लू, म्हणून घरातल्या लेकीने मला हे नाव दिलं. कुत्र्याने पाण्यात उडी घ्यावी म्हणून मला त्याच्यापुढे फेकायचं, त्याने मला पकडायचं आणि काठावर आणायचं, एवढंच माझं आयुष्य. ऐकायला खेळकर वाटतं. ज्याला पकडतात त्याला विचारा.

माझा जन्मच मुळी घाव सोसत झाला. पात्याने मला ठाणातून फाडून काढलं. यंत्राच्या सुईने कडेकडेने भोसकलं. एका सळईने माझ्या पोटात फोम कोंबला आणि हातोड्याच्या एका ठोक्यात कानात पितळी कडी ठोकली. शेवटी कारखान्यातल्या बाईने मला शेपटीला धरून गरगर फिरवलं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं. मी फाटलो नाही हे पाहून ती शेजारणीला म्हणाली, हा टिकेल गं. मला वाटलं, चला, त्रास संपला. शाळा संपली की माणसांच्या मुलांनाही असंच वाटतं म्हणे.

मग मी पाणघोड्याच्या घरी आलो.

पाणघोडा म्हणजे कुत्रा. काळा, रुंद छातीचा, बसला की दाराची वाट अडवणारा. एरवी स्वभावाने गरीब. पण पाणी दिसलं की त्याच्या अंगात येई. बादली उलथून टाकी. नळाच्या धारेला चावे घेई. एकदा तर ठकू आंघोळ करत असताना तो तिच्या टबात घुसला होता आणि अर्धं पाणी घरभर झालं होतं. ठकू म्हणजे लेक. शाळेत जायला लागून थोडेच दिवस झालेली, पण मतं मात्र पिकलेली.

त्याने मला पहिल्यांदा तोंडात धरलं तो क्षण मी विसरलो नाही. नुसतं धरलं नाही. मान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, अशी झटकली की माझ्या पोटातला फोम एका बाजूला गोळा झाला. उंदराची मान मोडायची हीच रीत, त्याला कुणी न शिकवता आलेली. माझ्याआधी या घरात एक रबरी बदक, दोन चपला आणि बाबाच्या गाडीच्या सीटचं कव्हर असंच कामी आलं होतं. बदकाचं डोकं अजून सोफ्याखाली होतं. मी आलो तेव्हा ते माझ्याकडे बघत होतं.

आणि हा सगळा प्रकार ठकूच्या पायांपासून वीतभर अंतरावर चाले. ती फरशीवर बसून चित्रं रंगवायची आणि तिच्या शेजारी माझी मुंडी मुरगळली जायची.

मग ते बिस्किटाचं झालं. ठकूने बिस्किट पुढे केलं, पाणघोड्याने घाईने घेतलं. तिच्या तळहातावर एक लाल रेघ उठली आणि रेघेवर रक्ताचा एक थेंब. ठकू रडली नाही. "हळू रे, ढोल्या," एवढंच म्हणाली आणि हात फ्रॉकला पुसला. रडली ती आई. न्हाणीघरात जाऊन, नळ मोठा सोडून.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाला, "अगं, ओरखडा आहे नुसता."

"आज ओरखडा आहे," ती म्हणाली.

आई शिकलेली. शिकलेल्या माणसाचं दुखणं असं की घाबरलं की वाचायला बसतं आणि वाचून आणखी घाबरतं. कुत्रा चावलेल्या मुलांविषयी जेवढं मिळेल तेवढं तिने वाचलं. मग कुत्र्यांची रग कशी जिरवावी हे वाचलं. त्यात तिला डॉक डायव्हिंग सापडलं. पाण्यावर बांधलेल्या लाकडी धक्क्यावरून कुत्रा धावत येतो आणि उडी मारतो. ज्याची उडी लांब, तो जिंकला. जिंकण्याशी तिला घेणं नव्हतं. त्याच्या अंगातली आग पाण्यातच विझावी आणि घरी येताना तो रिकामा होऊन यावा, इतकीच तिची इच्छा.

बाबाशी तिचं बोलणं झालं ते माझ्यासमोरच. हे जमलं तर पाणघोडा घरात राहील. नाही जमलं तर हे शिकवणाऱ्या बाईंकडे कुत्री ठेवायची सोय आहे, तिथे तो कायमचा जाईल. ठकूला यातलं काही सांगायचं नाही. ठकू तेव्हा टेबलाखाली होती, पण मोठ्या माणसांना टेबलाखालचं दिसत नाही.

धक्का शहराबाहेर, एका जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यावर होता. पाणी हिरवं, खोल. शिकवणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरज पडू नये. तिथली एक गंमत होती. माणसांना तिथे स्वतःची ओळख नव्हती, कुत्र्यावरूनच हाक पडे. आमची आई पहिल्याच दिवशी 'पाणघोड्याची आई' झाली. एकीची आई होताना आपल्याला धाप लागते, आता ही दुसरी पदवी, असं ती बाबाला म्हणाली. दुसरा होता 'सुतळीचा बाबा'. पेशाने दंतवैद्य. त्याची कुत्री सुतळी लांबुडकी, हडकुळी आणि महाखट. तिचे दात दाखवून तो म्हणायचा, माझ्या दवाखान्यातलं एकही तोंड एवढं चांगलं नाही.

मास्तरीणबाईंनी रीत सांगितली. कुत्र्याला मागच्या टोकाला बसवायचं. आपण धक्क्याच्या पुढच्या कडेला उभं राहायचं. तो धावत सुटला की तो आपल्यापाशी पोचायच्या आधीच लोड्याला वर आणि पुढे भिरकवायचं, म्हणजे तो खाली न बघता वर बघतो आणि झेपावतो. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. लोड्याला लांब दोरी बांधायची नाही. दोरी पाण्यात पायाला गुंडाळते आणि चांगलं पोहणारं जनावरही बुडतं.

आईला रीत समजली, पण हात ऐकेना. पाणघोडा धावत सुटला की ती मला धरून त्याच्याकडेच बघत राही. घसरला तर, कडेवर आपटला तर. तेवढ्यात तो येऊन पोचे आणि मी अजून तिच्या मुठीत. मग तो ब्रेक लावी, नखं फळ्यांवर कर्रकन ओरखडत जात आणि तो पोत्यासारखा पाण्यात कोसळे. छातीवर पाण्याचा फटका असा बसे की आवाज खाणीत घुमे. पाठोपाठ मी त्याच्या डोक्यावर. चिडून तो मला असा चावे की वाटे, आज माझी शिवण सुटणार.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही फेकत नाही हो. निरोप देता."

सुतळीचा बाबा हसला. आईही हसली, पण परतताना गाडीत तिने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

त्यानंतरच्या खेपेला सुतळीशी जुंपली. आईने मला उशिरा आणि तिरकं फेकलं. मी पाण्यावर तरंगत पलीकडे गेलो आणि पाणघोडा पोचायच्या आत सुतळीने काठावरून उडी टाकून मला शेपटीला धरलं. पाणघोड्याने दुसऱ्या टोकाला धरलं. मग जे झालं त्याला खेळ म्हणता येणार नाही. दोघे मला मधे धरून ओढत होते, एकमेकांना पाण्याखाली दाबत होते, नाकातोंडातून पाणी आणि गुरगुर एकदमच बाहेर येत होती. माझी शिवण उसवली. मला सोडून ते एकमेकांना भिडले. पाणघोड्याचा कान टोकाला फाटला, सुतळीच्या मानेवरची कातडी उघडी पडली. हिरव्या पाण्यात लाल धुरासारखं काहीतरी पसरलं. मास्तरीणबाईंनी बाहेर काढून दोघांना वेगळं केलं तेव्हा त्यांचा स्वतःचा हात कोपरापासून सोलवटला होता.

दंतवैद्याने माफी मागितली, आईनेही मागितली, दोघांना एकमेकांचं पटलं नाही.

घरी तिने मला शिवलं. जाड दोऱ्याने, ओठ घट्ट मिटून. शिवताना तिने ठरवलं की आता एकदाच जायचं. त्या दिवशी जमलं तर जमलं.

आणि तिथेच तिने ते केलं, जे फक्त हीच बाई करू जाणे.

या घरात सगळं बांधलेलं असतं. ठकूची बाटली गळ्यात, टोपी हनुवटीखाली बंदाने, आईच्या किल्ल्या पर्सच्या आतल्या कडीला, चष्मा साखळीला. सुटतं ते हरवतं, असं तिचं शास्त्र. तिने गॅलरीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली, एक टोक माझ्या शेपटीला गाठलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. मधली दोरी वेटोळं करून लांब बाहीत लपवली, मास्तरीणबाईंना दिसू नये म्हणून. हिशेब सोपा होता. सुतळी पुन्हा आडवी आली तर मला झटकन मागे ओढून घेता येईल. पाणघोडा जेवढी उडी मारतो त्याला पुरेल एवढी दोरी तिने ठेवली होती. तो आजवर मारत आला होता त्या उडीला.

त्या दिवशी बाबाही आला. काठावरच्या बाकावर ठकूला मांडीत घेऊन बसला. सुतळीला तिच्या बाबाने गाडीत कोंडलं होतं आणि जुनं विसरावं म्हणून पाणघोड्याचा पट्टा मागच्या टोकाला त्याने स्वतः धरला होता. मास्तरीणबाई पाण्यातून वर यायच्या उताराशी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. शिट्टी वाजली. दंतवैद्याने पट्टा सोडला.

आणि आईने मला फेकलं. वेळेवर. पहिल्यांदाच. मी आपल्याला बांधलेला आहे या भरवशावर तिने मला अगदी मोकळ्या हाताने, वर, लांब भिरकावलं. इतकं सुंदर मला कुणीच कधी फेकलं नव्हतं.

पाणघोडा तिच्या बाजूने गोळीसारखा गेला. शेवटच्या फळीवर मागचे पाय रोवले आणि सुटला. हवेतच त्याने मला धरलं, पार मधोमध. त्याला पाठीमागे काय आहे हे माहीत नव्हतं. तो आपल्या सगळ्या वजनानिशी पुढेच चालला होता.

दोरी संपली.

आईचा हात खांद्यातून निखळेल असा पुढे झाला आणि पाठोपाठ ती सगळीच. पाय फळीवरून सुटले. हनुवटी धक्क्याच्या कडेवर आपटली. लाकडावर नारळ फुटावा तसा तो आवाज, मी पाण्यात शिरता शिरता ऐकला. मग पाणी तिच्यावर मिटलं.

पाण्याखाली काय झालं ते दोघांनाच माहीत, तिला आणि मला. तिसऱ्याला माहीत आहे, पण तो बोलत नाही.

पाणघोड्याला मागून ओढ लागली. त्याला वाटलं, सुतळी. त्याने मला आणखी आवळलं आणि मान झटकली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक झटक्याला दोरी तिच्या मनगटात रुतत होती आणि ती खाली जात होती. तिच्या तोंडातून लाल बुडबुडे निघत होते. तिने दुसऱ्या हाताने दोरी पकडली आणि ओढत ओढत, आंधळ्यासारखी, वर आली. दोरीच्या टोकाला मी होतो. माझ्याभोवती तो जबडा होता.

तिची बोटं त्याच्या तोंडात गेली. चारही. माझ्या कापडाच्या आणि त्या तुटक्या सुळ्याच्या मधे.

मी आयुष्यभर त्या जबड्याचा मार खाल्ला आहे, म्हणून मला हे सांगायचा अधिकार आहे. झटका अर्ध्यावर आला होता. तो पुरा झाला असता तर बोटं गेली असती. पण जिभेला कापडाऐवजी कातडी लागली आणि तो जबडा थांबला. असा थांबला, जसा पाळणा हलवणारा हात मूल झोपलंसं वाटून थांबतो. दात वर उचलले गेले. बोटं सुटेपर्यंत तो तसाच आ वासून राहिला, पाणी पीत, खोकत. मी जबड्यातून निसटून तरंगायला लागलो होतो. बोटं बाहेर गेल्यावर त्याने मला पुन्हा धरलं, पण दुसऱ्या टोकाला, तिच्यापासून लांब.

आणि मग तो उताराकडे पोहत निघाला. आता खरं सांगतो. नंतर सगळे म्हणाले की त्याने तिला वाचवलं. तो तिला वाचवत नव्हता. तो मला आणत होता. ती माझ्याबरोबर बांधलेली होती, म्हणून आली. निम्म्या वाटेत मास्तरीणबाईंनी तिला काखेत धरलं आणि बाहेर ओढलं. त्या एकीकडे तिची पाठ थोपटत होत्या आणि दुसरीकडे दोरी बघून तिला अशा शिव्या घालत होत्या की दंतवैद्याने ठकूचे कान झाकले.

दवाखान्यात हनुवटीला टाके पडले, बाबाच्या मुठीतून मी ते पाहिले. मनगटाला बांगडीसारखी गोल जखम झाली होती, दोरीने कापलेली. हात गळ्यातल्या झोळीत गेला. बाबा तिच्या शेजारी बसून म्हणत होता, आता पुरे, उद्याच त्याला मास्तरीणबाईंकडे पोचवतो. त्याचंही चुकत नव्हतं. त्याने बायकोला रक्ताच्या पाण्यात बुडताना पाहिलं होतं. आई आपली बोटं बघत होती. उलटसुलट करून, दिव्याकडे धरून. त्यांवर एक ओरखडा नव्हता.

"त्याने सोडलं," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"माझी बोटं त्याच्या तोंडात होती. त्याने सोडली." मग लगेच स्वतःवरच संशय आल्यासारखी म्हणाली, "म्हणजे मला तसं वाटलं. डोकं आपटलं होतं रे माझं."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई गं, तुला वाटलं ते खरं आहे, साक्षीला मी आहे. पण मी लोड्या. माझ्या तोंडाला शिवण.

आता मी स्वयंपाकघरातल्या बेसिनवर, नळाला अडकवलेला आहे. पोट एका बाजूला फुगलंय, रंग उडालाय, कडी वाकलीय. माझ्या शेपटीवरची ती दोरी आईने एका हाताने आणि दाताने सोडली, मधली गाठ सुटेना म्हणून शेवटी कात्री लावली. मी तिच्याकडे आणि तिच्यासारख्या सगळ्यांकडे एवढंच मागतो: मला फेकायचं असेल तर फेका, चावून घ्यायचं असेल तर चावून घ्या, त्यासाठीच मी शिवलेला आहे. पण हातात धरून फेकू नका. फेकता तेव्हा सोडा.

आईचा मात्र घोर संपलेला नाही. जबड्याचा प्रश्न आता तिला छळत नाही, त्याची जागा दुसऱ्याने घेतली आहे. खाणीवरून आल्यापासून ठकू गप्प आहे. तिने सगळं पाहिलं. आईचं फुटलेलं तोंड, लाल पाणी, बाबाचं ओरडणं. आता ही पाण्याला भिणार, कुत्र्याला भिणार, झोपेत दचकणार, आणि हे सगळं माझ्यामुळे, असं आईने मनाशी पुरतं ठरवलं आहे. काय विचारायचं आणि कसं समजवायचं याचीही तिची तयारी झाली आहे, वाचून वाचून.

आज ती ठकूसमोर फरशीवर बसली. पाणघोडा दारात आडवा पडला होता, फाटक्या कानाचा, एक डोळा उघडा ठेवून. आईने टाक्यांमुळे ओठ फार न हलवता, हळू आवाजात सांगितलं की भीती वाटली तर वाटली म्हणायचं असतं. मोठ्यांनाही वाटते. आणि मग, श्वास घेऊन, "तुला त्याची भीती वाटत असेल तर आपण त्याला मास्तरीणबाईंकडे ठेवू. तुला काय वाटतं, ते सांग मला. खरं खरं."

ठकूने खडू खाली ठेवला. आईच्या हनुवटीकडे पाहिलं, मग पाणघोड्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मास्तरीणबाईंचा भाव आला.

"आई, तू पळालीच नाहीस," ती म्हणाली. "आधी पळायचं असतं, मग उडी. पुढच्या वेळी जाऊ ना, तेव्हा हा दाखवेल तुला."